पुसल्याची खूण

तक्रार मराठीत होती. अकरा वर्षांत नूतन भंगाळेने हजारो तक्रारी वाचल्या होत्या, चांगल्या इंग्रजीत, मोडक्या इंग्रजीत, कुणी कुठल्या भाषेतून यंत्राकडून करवून घेतलेल्या इंग्रजीत. मराठीत एकही नाही. जळगावच्या तंत्रनिकेतनात दुपारचा तास संपवून ती स्टाफरूममध्ये बसली होती, कूलरमधलं पाणी संपल्यामुळे तो नुसती गरम हवा फेकत होता, आणि समोरच्या स्क्रीनवर देवनागरीत लिहिलेलं होतं : 'आपल्या नवीन अपडेटने माझी सर्व पत्रे गेली. मी काहीही केलेले नाही. वस्तू फुकट देता म्हणून तिची जबाबदारी घ्यायची नाही असे आहे काय? आपल्याला विचारणारे कोणी आहे की नाही?' खाली, पोस्टाच्या पत्राखाली लिहावं तसं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर. गौतमचंद छाजेड, सरकी-पेंडीचे व्यापारी, गल्ली नंबर चार, धुळे. शेवटचं वाक्य तिने परत वाचलं. रागाने विचारलेलं होतं ते, जाब म्हणून. पण मराठीत ते वाक्य दोन तोंडांनी बोलतं, आणि तिला दुसऱ्या तोंडाने ऐकू आलं : तुझी चौकशी करणारं कोणी आहे की नाही? मग शेजारच्या टेबलावरचे सर प्रॅक्टिकलच्या वह्यांबद्दल काहीतरी म्हणाले, ती हो म्हणाली, आणि ते वाक्य परत नुसता जाब होऊन बसलं.

वॅगटेल हा मेल वाचण्या-पाठवण्याचा प्रोग्राम. कुठल्या कंपनीचा नाही. जगभरातली वीस-बावीस माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो लिहितात. कुणीही उतरवून घ्यावा, फुकट वापरावा, वाटलं तर आतलं सगळं उघडून बघावं. त्यातला एक कोपरा नूतनचा होता. माणूस नको असलेला मेल पुसतो तेव्हा तो खरं म्हणजे पुसला जात नाही. त्याच्यावर एक खूण पडते आणि तो नजरेआड होतो, इतकंच. पुढे कधीतरी प्रोग्राम या खुणा शोधत फिरतो, खूण असलेले मेल फाईलमधून कायमचे काढतो आणि मधल्या मोकळ्या जागा मिटवून टाकतो. हे कायमचं काढणं नूतनने लिहिलेलं होतं. साहजिकच ज्याचं काही हरवलं तो तिच्याच दाराशी यायचा. फुकटच्या गोष्टीवर माणसं किती हक्काने चिडतात याचं सुरुवातीला तिला नवल वाटे. बटण निळं का केलंत, जुनं काय वाईट होतं. दहा वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवला त्याचं हे फळ. माझं अख्खं वर्ष गेलं, भरून द्या. आणि जवळजवळ प्रत्येक तक्रारीत एक वाक्य असायचंच : मी काहीही केलेलं नाही. सात वर्षांपूर्वी त्या वाक्याला वैतागून तिने प्रोग्राममध्ये एक छोटी नोंदवही घातली होती. कुठल्या मेलवर खूण कधी पडली, आपोआप पडली की कुणी हाताने पाडली, सगळं त्यात गुपचूप लिहिलं जाई. तेव्हापासून शंभरातल्या नव्वद तक्रारींना तिचं उत्तर दोन ओळींचं झालं. तुमची नोंद सोबत जोडली आहे. अमुक तारखेला, अमुक वाजता तुम्ही स्वतः पुसलं आहे. लोक गप्प होत. कुणी माफी मागत नसे, पण गप्प होत.

गेल्या वर्षी पौषात आई गेली. ती शेवटची चार वर्षं नूतनकडेच होती, पण नेलं गावी, रावेरकडे, भावाकडे. तेराव्याला मांडवात पंगत बसलेली, भाऊ हितेंद्र वाढायला वाकलेला, आणि नूतन केळीच्या घडांच्या ढिगाशी उभी राहून फोनवर कुणालातरी लिहीत होती : कृपया नोंदवहीची फाईल पाठवा. हितेंद्रने येऊन हळूच म्हटलं, 'अक्का, तो फोन ठेव ना थोडा.' तिने ठेवला. पाच मिनिटांनी परत काढला. बायका आपसात म्हणाल्या की नूतन खंबीर आहे. तीही वाट पाहत होती, की आता येईल, काहीतरी येईल, रडू नाही तर निदान राग. काही महिन्यांनी तिने वाट पाहणंही सोडलं. दाढ काढल्यावर आपलंच बोट आपल्या गालाला लावावं आणि तो गाल दुसऱ्या कुणाचा असावा, तसे दिवस चालले होते. कॉलेज, भाजी, तक्रारी. तक्रारींना उत्तर देताना मात्र तिची बोटं अगदी सफाईने चालत.

संध्याकाळी घरी येऊन तिने धुळ्याचा नंबर लावला. 'मी वॅगटेलकडून बोलते,' ती म्हणाली. हे वाक्य तोंडाने ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती, आणि ते तिला खोटंच वाटलं.

'कंपनीतून का?' पलीकडचा आवाज म्हाताऱ्याचा, पण खणखणीत.

'कंपनी नाही ती. आम्ही काही लोक मिळून...'

'मालक कोण?'

'मालक नाही कोणी.'

'मालक नाही!' ते म्हणाले. 'मग मी भांडायचं कोणाशी? तुम्ही शंभर रुपये घेतले असते तर मी गिऱ्हाईक झालो असतो, बोलता तरी आलं असतं. आता मी तुमचा कोण लागतो ते सांगा.'

नेहमीप्रमाणे नोंदवहीची फाईल कशी पाठवायची ते ती सांगणार होती. तोंडातून निघालं ते वेगळंच. 'काका, मी जळगावला असते. रविवारी येऊन बघू का?'

मग ते म्हणाले, 'कंपनी नाही म्हणता, आणि घरी येता?'

रविवारी सकाळच्या एसटीत खिडकीपाशी बसून ती कुठे चालली आहे हे तिने स्वतःला विचारलं नाही. एरंडोल गेलं, पारोळा आलं, उन्हं चढली. नांगरून ठेवलेल्या काळ्या जमिनीवरून नजर घसरत राहिली. आई एकदा तिच्या मागे उभी राहून स्क्रीनवरची इंग्रजी बघत होती. कोणाचं काम करते, असं तिने विचारलं. नूतनने सांगितलं की लोकांच्या तक्रारी आहेत. 'काही देता का ते लोकं तुले?' नाही म्हटल्यावर आईने जरा वेळ विचार केला आणि म्हणाली, 'मंग शिव्या काहाले खाते?' नूतन हसली होती. हसली होती हे आठवलं, हसू कसं होतं ते आठवेना. आईचा हात खुर्चीच्या पाठीवर होता की तिच्या खांद्यावर, हेही तिला ठरवता येईना, आणि धुळं येईपर्यंत ती तेवढंच ठरवत बसली. स्टँडबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, 'कोठे जानं शे, ताई?' तेव्हा तिला पत्ता आठवायला क्षणभर लागला.

दुकानाचं शटर रविवार म्हणून अर्ध्यावर होतं. खाली पेढी, वर घर. आत पेंडीचा तेलकट, जड वास भरलेला, आणि काचेमागे कॉम्प्युटरवर पांढरं कापड झाकलेलं. गौतमचंदांनी ते कापड घडी घालून बाजूला ठेवलं. सत्तरीचा सडसडीत माणूस, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी तिला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले आणि सरळ सांगायला लागले. सगळा पत्रव्यवहार ते याच मशीनवर ठेवतात. बाहेर कुठल्या सर्व्हरवर आपलं काही राहू नये म्हणून उतरवून घेतलं की तिथलं पुसतात. व्यापाराची पत्रं सगळी जागेवर आहेत. एकच फोल्डर रिकामा झाला. त्यात त्रेसष्ट पत्रं होती.

'कोणाची?'

'मुलीची. आयुषी. पुण्याला असते.'

'तुम्ही दिलेली उत्तरं बघू. त्यांच्याखाली कधीकधी मूळ पत्र राहतं.'

'उत्तर नाही देत मी.' ते चष्मा पुसू लागले. 'सहा वर्षं झाली. तिने तिच्या मनाने लग्न केलं. मी सांगितलं, या घराशी तुझं बोलणं संपलं. फोनवर तिचा नंबर बंद केला. मेलचं बंद करायचं मला जमत नाही, म्हणून तिची पत्रं येत राहिली. जवळजवळ महिन्याला एक.'

बाजूला त्यांच्या स्वतःच्या हाताने त्या आठवड्यात सरकारी साइटवरून काढलेली मालाची ई-वे बिलं पडली होती. मेल बंद करायला दोन बटणं लागतात. ते म्हणाले, 'दुकान बंद केल्यावर एखादं वाचायचो. जुनंच. तेवढं आपलं.' आणि मग, एकदम आवाज चढवून, 'तेवढंही ठेवलं नाही तुमच्या अपडेटने!'

वरून जेवणाची हाक आली. त्यांनी तिला जेवायला बोलावलं, ती आधी काम करते म्हणाली, ते जिना चढून गेले. नूतनने फाईल उघडली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट पत्रं तिथे होती, शब्द न् शब्द, प्रत्येकावर फक्त खूण. दोन मिनिटांचं काम. खुणा काढायच्या की पत्रं परत उभी राहणार. सवयीने तिने नोंदवही उघडली. गेल्या महिन्याच्या एका मंगळवारी दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांपासून दोन अठ्ठावन्नपर्यंत, हाताने पाडलेल्या खुणा. अपडेट त्यानंतर चार तासांनी आलेलं. एकदम सगळी निवडून पुसलेली नव्हती. एकेक करून पुसली होती. दोन खुणांमध्ये कुठे वीस सेकंद, कुठे मिनिट, आणि चौतिसाव्या पत्राच्या आधी सहा मिनिटं काहीच नाही. पुसणाऱ्याने सहा मिनिटं काय केलं असेल? सात वर्षं ती या नोंदींकडे पाहत आली होती, आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघावं तशी. दोन आकड्यांच्या मध्ये एखादं माणूस बसलेलं असतं हे तिला कधी दिसलं नव्हतं.

'सापडलं का, बेटा?' जिन्याच्या खालच्या पायरीवर सज्जनबाई उभ्या होत्या, हातात ताकाचा ग्लास. गौतमचंदांची बायको. डोक्यावरचा पदर एका हाताने सावरत त्या स्क्रीनकडे बघत होत्या, आणि तिथे काय आहे ते त्यांना वाचल्याशिवायच कळत होतं.

नूतनने हळू विचारलं, 'मंगळवारी दुपारी काका कुठे असतात, काकी?'

'झोपतात. रोजच.' त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. 'त्यात लिहिलेलं आहे का, मी पुसलं म्हणून?'

'कोणी ते नाही लिहिलेलं. कधी ते आहे.'

'मग झालं.' त्या स्टुलावर बसल्या. पुढचं त्या अगदी शांतपणे बोलल्या, भाजीत काय घातलं ते सांगावं तसं. आयुषी त्यांच्याशी रोज फोनवर बोलते, हे गौतमचंदांना माहीत नाही. तिला आता दिवस गेलेत, पाचवा महिना. तेही माहीत नाही, कारण पत्रात ती अजून लिहीत नव्हती. 'पप्पांनी एकदा तरी फोन करावा, मग सांगेन म्हणते. आणि हे काय करतात? खाली येतात, एक पत्र वाचतात, वर येतात, दोन पोळ्या जास्त खातात. त्यांचं भागतं ना त्याच्यावर! पोरगी सहा वर्षं लिहिते आणि ह्यांचं वाचून भागतं. मी म्हटलं, बघू तरी नाही भागलं तर काय करतात.'

'वाचलीत तुम्ही?'

'मग? पुसायच्या आधी वाचायला नको?' सज्जनबाईंचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. 'तिला तिकडे पहिल्या वर्षी टायफॉइड झाला होता. मला नाही सांगितलं. त्यांना लिहिलं होतं.'

वर ताटं उचलल्याचा आवाज झाला. नूतन म्हणाली, 'तुम्हीच सांगा ना त्यांना.'

'मी सांगितलं तर माझ्याशी अबोला धरतील. ते जमतं त्यांना. तुमच्या मशीनशी अबोला धरून काय करणार?' त्या उठल्या. 'काढू नको, बेटा. निघत नाही म्हण.'

गौतमचंद हात पुसत खाली आले तेव्हा नूतनचं बोट माऊसवर होतं. तिला वाटलं होतं की आता मनात काही रणधुमाळी होईल. अकरा वर्षं तिने एकच गोष्ट सांभाळली होती, की प्रोग्राम खोटं बोलत नाही आणि ती प्रोग्रामच्या वतीने खोटं बोलत नाही. काहीच झालं नाही. आत सगळं सपाट होतं, दुपारच्या रस्त्यासारखं. तिने फाईल बंद केली. पुसलेले मेल ठराविक दिवसांनी आपोआप कायमचे काढायची सोय असते, तीही त्या मशीनवर बंद करून टाकली. पत्रं होती तिथे राहणार होती, खुणांसकट, कुणाला न दिसता. मग ती म्हणाली, 'नाही निघत, काका. गेली ती.'

'अपडेटमुळे?'

'हो. आमची चूक.'

ते भांडतील असं तिला वाटलं होतं. ते रिकाम्या फोल्डरकडे बघत बसले. म्हणाले, 'मग आता?'

ती रोज दहा जणांना सांगायची तेच तिने सांगितलं. 'ज्यांनी पाठवली त्यांच्याकडे प्रत असते. पाठवलेल्या मेलमध्ये. त्यांच्याकडे मागायची.'

'मेल करून मागू?'

'मेल नको.' ती उठून पर्स खांद्याला लावत होती. 'आमच्या प्रोग्रामचा आता काय भरवसा. फोन करा.'

सज्जनबाई टेबलावरचा ग्लास उचलत होत्या. ग्लास भरलेलाच होता. त्यांनी तो परत नूतनपुढे केला, आणि तिने उभ्याउभ्या ताक पिऊन टाकलं. अर्ध्या शटरखालून वाकून ती बाहेर आली तेव्हा गौतमचंद फोल्डरसमोर तसेच बसलेले होते.

मंगळवारी गौतमचंदांनी वॅगटेलच्या साइटवर सगळ्यांना दिसणाऱ्या आपल्या तक्रारीखाली दोन ओळी वाढवल्या. आपल्या प्रतिनिधी नूतनताई स्वतः येऊन गेल्या, दोष प्रोग्रामचा आहे हे त्यांनी मान्य केले. यंत्राने भाषांतर केलं आणि दुसऱ्या दिवशी जगभरातून प्रश्न येऊ लागले. मेल गमावणं हा अशा प्रोग्रामचा सगळ्यात मोठा गुन्हा. लिस्बनचा ब्रूनो, वॅगटेल लिहिणाऱ्यांतला तिच्या इतकाच जुना, रात्रभर बसून तिचा कोड चाळत होता, तिघं जण दोष शोधायला लागले होते, नवीन अपडेट मागे घ्यावं का यावर मतं मागवली जात होती. नसलेला दोष ते किती दिवस शोधणार? आणि खरं लिहिलं तर गौतमचंद ते वाचणार होते. तक्रार करणारा माणूस आपली तक्रार रोज उघडून बघतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलं सर्किट जोडत होती. मागच्या बाकावर बसून तिने लिहिलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत : प्रोग्राममध्ये दोष नाही. शोधणं थांबवा. पत्रं जागेवर होती. ती परत काढताना मी चुकीची आज्ञा दिली आणि ती कायमची गेली. त्यांना मी तेव्हा खरं सांगितलं नाही. चूक माझी, एकटीची.

त्यानंतरचे दिवस तिला पुढे नीटसे आठवत नसत. तीस-चाळीस अनोळखी माणसांनी तिला लिहिलं. अशा बाईच्या हाती आमचे मेल होते का, असं एकाने विचारलं. एकाने तिची जुनी उत्तरं खणून काढली, ती लोकांना किती तोऱ्यात त्यांच्या चुका दाखवायची ते. ते खोटं नव्हतं. ब्रूनोने फार सभ्य पत्र पाठवलं, की तिने काही दिवस विश्रांती घ्यावी, आणि तिच्या कोपऱ्यातला कोड बदलायच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती गेल्या. हे सगळं वाचताना तिने थांबून पाहिलं, लागतंय का. एका दुपारी, कुणीतरी लिहिलेलं फारसं वाईटही नसलेलं वाक्य वाचून तिचे डोळे भरून आले, आणि ती ते बघतच राहिली, कारण त्या वाक्याशी त्याचा काही संबंध नव्हता. हात खांद्यावर होता. खुर्चीवर नव्हता, खांद्यावरच होता. आईचं बोट तिच्या मानेला लागत होतं, कांद्याचा वास असलेलं. तिने हितेंद्रला फोन लावला. 'काय झालं, अक्का?' तो घाबरून म्हणाला. काही नाही म्हणाली. तो शेतात होता, मोटारीचा आवाज येत होता. तिने मोटारीचं विचारलं, मग केळीचं, आणि दोघं बराच वेळ फोनवर राहिले.

धुळ्याहून काही आलं नाही. एक आठवडा, दुसरा, तिसरा. त्यांनी फोन केला की नाही हे विचारायला तिने दोनदा नंबर काढला आणि लावला नाही. चौथ्या आठवड्यात गौतमचंद छाजेडांची नवीन तक्रार आली, खाली पुन्हा पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर. 'मागील चूक कोणाची यात मला पडायचे नाही. माझ्या मुलीने त्रेसष्ट पत्रे पुन्हा पाठवली, ती मिळाली. परंतु सर्वांवर एकच तारीख पडली आहे. सहा वर्षांची पत्रे एका दिवसात लिहिल्यासारखी दिसतात. कोणते आधीचे, कोणते नंतरचे, काही कळत नाही. मी तिला रोज फोन करून एकेका पत्राची तारीख विचारतो आणि कागदावर लिहितो. तिला सर्व आठवत नाही, मग आम्हाला त्या दिवसांबद्दल बोलून तारीख काढावी लागते. यात फार वेळ जातो. आतापर्यंत एकोणीस झाली आहेत. तिची प्रकृती सध्या नाजूक असल्याने तिला त्रास देणे बरे नाही. हे आपण ताबडतोब दुरुस्त करावे.'

किल्ल्या गेल्या तरी तक्रारीखाली कुणालाही लिहिता येई, आणि उत्तर तिला येत होतं. पत्रं फॉरवर्ड करण्याऐवजी मूळ फाईलच जोडून पाठवली की जुन्या तारखा जशाच्या तशा राहतात. मुलीने एक बटण वेगळं दाबायचं, संपलं. एका ओळीचं उत्तर होतं. तिने ती ओळ लिहिली, वाचली आणि खोडली. त्रेसष्टातून एकोणीस गेले, चव्वेचाळीस फोन राहिले. मग तिने लिहिलं, 'आदरणीय काका, तक्रार मिळाली. अडचण खरी आहे. दुरुस्तीला वेळ लागेल. तोपर्यंत आपण करता आहात तसेच करावे.'